शकू आज काय जेवली?

"टाकी जागची हलवू नकोस," असं रंगरावकाका जाताना म्हणाले होते. रिक्षात बसताना म्हणाले, आणि रिक्षा फाटकापाशी थांबवून, मान बाहेर काढून परत म्हणाले. नम्रताने दोन्ही वेळा "हो काका, तुम्ही अगदी निर्धास्त जा" असं म्हणून हात हलवला. पुन्हा कधी जेवायला या म्हणणाऱ्याला आपण 'येऊ की' म्हणतो, त्या सुरात. माणूस हृदयाच्या शस्त्रक्रियेला निघालेला, त्याच्याशी फाटकात वाद कोण घालणार? शिवाय टाकी म्हणजे काही तान्हं बाळ नव्हे की मानेखाली हात घालून उचलावं लागेल, असंही तिला वाटून गेलं.

काका पहिल्या मजल्यावर एकटे राहत. खडकीच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासणी विभागात काढलेली, त्यामुळे रिटायर झाल्यावरही ते कुठल्याही वस्तूकडे, ती नापास होणार आहे अशाच नजरेने बघत. बायको वारलेली, मुलगा सौमित्र कॅनडात. घरात काका, एक भलीमोठी काचेची टाकी, आणि टाकीत शकू.

शकू म्हणजे बरणीत ठेवतात तसली साधी मासोळी नव्हे. ती खाऱ्या पाण्यातली, प्रवाळांत राहणारी, रॅस नावाच्या घराण्यातली. बोटभर लांब. हिरवंगार अंग, त्यावर पैठणीच्या काठाला शोभतील असे गुलाबी-केशरी पट्टे, आणि तोंडावर मात्र, मेंदी काढणारीला मध्येच फोन आला असावा, तशी वाकडीतिकडी नक्षी. आणली तेव्हा ती मादी होती म्हणून नाव शकू ठेवलं. मोठी झाल्यावर ती नर झाली. या घराण्यात तशी पद्धतच आहे, असं काका सांगत. नाव तेवढं बदललं नाही. "गॅझेटात द्यायचं, प्रतिज्ञापत्र करायचं, कोण हेलपाटे घालणार?" असं त्यांचं म्हणणं. नम्रताच्या सासूबाई, द्वारकाबाई मूळच्या नागपूरकडच्या. त्यांनी हे ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं हाय बापा तिचं. एकाच जन्मात दोन्ही बाजू पाहून झाल्या."

तर या शकूला काका परत येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ खाऊ घालायचं, पाणी कमी झालं तर भर घालायची, एवढंच काम होतं. नम्रता मेश्राम तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या पदवीच्या कागदावर मायक्रोबायॉलॉजी असं छापलंय, पण तिचा खरा विषय काळजी. मुलगी मैत्री झोपली, की नम्रता तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का ते बघते. त्याने मैत्री जागी होते. मग ती नीट झोपत का नाही, याची काळजी. असं ते चक्र आहे, आणि त्याला सुट्टी नाही.

अशा बाईवर मासा सोपवला, की काय होणार? पहिल्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे खाऊ घालून वर आली. भाजी फोडणीला टाकताना तिला वाटलं, पंप बंद पडला असेल तर? खाली जाऊन बघितलं, चालू होता. पोळ्या लाटताना वाटलं, दिवा गेला असेल तर? दुसऱ्या दिवशी जुना मोबाइल टाकीसमोर ठेवून ती घरून पाहत बसली. चित्र मध्येच अडकलं. शकू तोंड उघडं ठेवून थिजलेली दिसली, तशी नम्रता कणकेच्या हातांनी दोन मजले उतरली. शकू मजेत फिरत होती. थिजलं होतं ते वायफाय.

"हे असं चालणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "टाकी वर आणू. डोळ्यांसमोर असली म्हणजे बरं. आणि वीज गेली तर आपल्याकडे इन्व्हर्टर आहे."

"काका नको म्हणाले होते ना?" आनंद म्हणाला. आनंद आयटीत आहे. दिलेल्या सूचनेच्या विरुद्ध जाताना त्याला घाम फुटतो.

"ते आपल्या पाठीला त्रास नको म्हणून म्हणाले असतील."

ही कारणमीमांसा आनंदला पटली, कारण पाठ त्याचीच होती.

आता खाऱ्या पाण्याची टाकी हलवणं म्हणजे काय, हे ज्याने हलवली नाही त्याला सांगून कळणार नाही. आधी पाणी उपसायचं. पाणी फेकायचं नाही, कारण ते नळाचं नव्हे, मोजूनमापून केलेलं. म्हणून घरातल्या सगळ्या बादल्या, कुकर, द्वारकाबाईंचा लोणच्याचा नवा कॅन आणि मैत्रीचा आंघोळीचा टब भरले. शकू डब्यात गेली. मग दगड, मग वाळूसकट टाकी. सगळी वरात लिफ्टपाशी आली, आणि तिथे सोसायटीचे सेक्रेटरी अभय परांजपे उभे होते. लिफ्टच्या दारावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'लिफ्ट माणसांसाठी आहे. शंका असल्यास जिना वापरावा.'

"मॅडम, हे काय?" परांजप्यांनी विचारलं.

"मासा आहे. रंगरावकाकांचा."

"मासा दिसतोय मला. पाण्याबद्दल विचारतोय. खारं आहे?"

"हो."

"लिफ्टच्या तळाला गंज लागला तर मासा भरून देणार का?"

शेवटी जिन्याने नेलं. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा अरबी समुद्र सांडला. वर पोचल्यावर परांजपे हळूच मागून आले आणि टाकी भरेपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिले. एवढं वजन स्लॅबवर ठेवायचं तर इंजिनिअरचं पत्र लागेल, असं त्यांनी सुचवलं. "आणि पत्र आलं तरी कमिटी ते स्वीकारेलच असं नाही. कमिटी म्हणजे मीच, पण मी माझ्याशी चर्चा केल्याशिवाय काही करत नाही."

द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "या साहेबांले चहा दे व. स्लॅबवरचं वजन अजून जरा वाढू दे."

संध्याकाळी दिवा लावला. शकू टाकीभर एक चक्कर मारून आली, नवीन भाडेकरू गॅलरी बघतो तशी, आणि दगडामागे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नम्रता मैत्रीच्याही आधी टाकीपाशी गेली, तर टाकीत शकू नव्हती.

दगडामागे नव्हती. पंपात नव्हती. या जातीचे मासे उड्या मारतात हे नम्रताला ठाऊक होतं, म्हणून फ्रिजखाली पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं. तिथे मैत्रीची एक चप्पल, बिस्किटं आणि आनंदचं हरवलेलं ऑफिसचं ओळखपत्र सापडलं. तो त्याच आनंदात होता, त्याच्यावर ओरडावं लागलं. मैत्रीची चौकशी झाली. तिने शकूला खाल्लं का, या प्रश्नाला ती 'हो' म्हणाली. पण तिने कालपासून पोलीस, चंद्र आणि परांजपेकाका खाल्ल्याचंही कबूल केलं होतं, त्यामुळे ती साक्ष टिकली नाही.

इंटरनेटवर विचारलं. कारणांची यादी आली. पहिलंच कारण असं, की दगडांत लपलेला केसाळ किडा अंधारात मासा खाऊन टाकतो, हाडही ठेवत नाही. नम्रताचं वाचन नेहमी पहिल्या भयंकर कारणापाशी संपतं. मैत्रीला सर्दी झाली तेव्हाही तसंच झालं होतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. समोरच्या ललिताकाकू सदाशिव पेठेतून इथे राहायला येऊन बरीच वर्षं झाली, पण त्या अजून 'आमच्याकडे' म्हणतात तेव्हा पेठेकडेच हात करतात. त्या दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "गेला म्हणे मासा. आमच्याकडे नसतं बाई हे असलं. मांजरसुद्धा सांगून जातं." मग आवाज जरा खाली आणून, "काल तुमच्याकडे काहीतरी मासळीचा बेत होता ना? जिन्यात वास होता."

नम्रताचे कान तापले. तेवढ्यात द्वारकाबाई परात घेऊन बाहेर आल्या. "होता ना. पण तो बोटभर मासा, अन् घरात खाणारे चार. त्याचा रस्सा कोणाले पुरला असता? तुमाले बोलवायचं म्हटलं तर आणखीच पंचाईत."

ललिताकाकू गेल्या, पण सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी हात जोडलेला एक फोटो टाकला. त्याखाली एकेकाने हात जोडले. परांजप्यांनी जोडले नाहीत. त्यांनी लिहिलं, 'मृत माशाचे पाणी सोसायटीच्या गटारात सोडू नये.'

आणि दुपारी काकांचा फोन आला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणायला त्यांना आधीच भरती करून ठेवलं होतं.

"काय गं, शकू आज काय जेवली?"

नम्रताने खरं सांगायला तोंड उघडलं. पण सकाळीच सौमित्रचा कॅनडातून निरोप आला होता: 'ताई, बाबांच्या मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका, डॉक्टरांनी बजावलंय. आई गेल्यापासून ते घरात फक्त शकूशी बोलतात.' तो निरोप ऐकल्यावर एखाद्या दगडाचंही तोंड मिटलं असतं.

"व्यवस्थित जेवली काका," ती म्हणाली. "कोळंबीचा चुरा दिला. थोडा टाकला तिने."

"टाकला? ती टाकत नाही कधी."

"म्हणजे आधी टाकला, मग खाल्ला."

"हं," काका म्हणाले. "फोटो पाठव."

तिने टाकी हलवण्याआधी काढलेला फोटो पाठवला. फोन ठेवल्यावर तिला इतकं अपराधी वाटलं, की संध्याकाळी तिने आपणहून फोन करून काकांनी गोळ्या घेतल्या का ते विचारलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला ज्याच्याशी खोटं बोललो त्याची फारच काळजी वाटू लागते, आणि नम्रताकडे तर काळजीचा साठा आधीचाच होता. रोज दुपारी काकांचा फोन, रोज संध्याकाळी तिचा. शकूचं खोटं आयुष्य भराभर वाढत गेलं. शकू मैत्रीला ओळखायला लागली. शकूला जरा अपचन झालं. शकू आनंदवर रुसली. काका सगळं ऐकून घेत, "अस्सं?" म्हणत. मग मैत्रीचा खोकला कसा आहे, द्वारकाबाईंचा गुडघा काय म्हणतो, आज भाजी कुठली, असं सगळं विचारत. हॉस्पिटलची भाजी तपासणीत कशी नापास झाली ते सांगत. फोन संपला की नम्रता भिंतीला टेकून बसे. अर्धा तास सलग खोटं बोलायचं म्हणजे भरल्या घागरी वाहण्यासारखं असतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी काका म्हणाले, "उद्या नाही, पण शुद्धीवर आलो की व्हिडिओ कॉल करतो. शकूला बघायचंय."

नम्रताने आनंदला दुकानात पिटाळलं. हिरवी, गुलाबी पट्ट्यांची, बोटभर, एवढं बजावून. आनंद कॅम्पातल्या एका माशांच्या दुकानात गेला. मालक बजरंगशेठनी शकूचा फोटो पाहून मान हलवली. "ही आत्ता नाही. पण घराणं आहे आपल्याकडे." आणि त्यांनी काचेमागून नातेवाईक दाखवायला सुरुवात केली. हा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे खाऊन त्यांना स्वच्छ ठेवतो, समाजसेवक. हा लांब नाकाचा, जरा आगाऊ. ही पिवळी, चुलत बहीण, गरीब स्वभावाची. आनंदच्या मनात बहुधा त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळचे दिवस जागे झाले. घराणं तेच, स्वभाव चांगला, एवढ्यावर त्याने होकार दिला.

"ही पिवळी आहे," नम्रता पिशवी उंच धरून म्हणाली.

"चुलत बहीण आहे."

"अरे, हरवलेल्या हिरव्या साडीऐवजी पिवळी आणून चालते का?"

"व्हिडिओत उजेड कमी ठेवू."

पर्याय नव्हता. पिवळीला टाकीत सोडलं. तिने एकदा सगळ्यांकडे पाहून घेतलं, दगडामागे गेली, आणि सकाळी तीही नव्हती.

आता मात्र नम्रता खुर्चीत बसूनच राहिली. एक मासा गेला तर दुर्दैव म्हणता येतं. दोन गेले की संशय माणसावर येतो. आपण ज्या जिवाकडे लक्ष देतो तो जातो, असं तिच्या मनात येऊ लागलं, आणि त्याच क्षणी ती उठून झोपलेल्या मैत्रीच्या नाकाखाली बोट धरून आली. काका तिकडे टेबलावर होते. त्यांची छाती उघडी होती, आणि इथे त्यांचं एकमेव बोलायचं माणूस, म्हणजे मासा, तिच्या अतिशहाणपणाने गेला होता. ते शुद्धीवर आल्यावर तिला ते सांगायचं होतं. त्यांना काही झालं तर?

द्वारकाबाईंनी संध्याकाळी बुद्धवंदनेला बसताना नेहमीपेक्षा एक मेणबत्ती जास्त लावली. "काकांसाठी हाय," त्या म्हणाल्या. "अन् उजेड उरलाच तर तुमच्या माशांले."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काकांना खोलीत आणलं आणि एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर काका, खुरटी दाढी वाढलेली, चेहरा अर्धा झालेला, छातीशी उशी कवटाळलेली.

"दाखव शकू," ते म्हणाले.

आनंदने दिवा मंद केला. नम्रताने तो पूर्ण लावला. फोन टाकीकडे वळवला. टाकीत पाणी, दगड आणि वाळू होती.

"काका, शकू नाहीये," ती म्हणाली, आणि मग थांबताच आलं नाही. टाकी वर आणल्याचं, फ्रिजखालचं, अपचनाचं, पिवळ्या चुलत बहिणीचं, सगळं ती रडत रडत बोलून गेली. "मी तुम्हाला रोज खोटं सांगितलं. तुम्ही हलवू नकोस म्हणाला होतात."

काकांनी उशी घट्ट दाबली. त्यांचे खांदे हलू लागले. नम्रताने घाबरून आनंदचा हात धरला. मग कळलं, की काका हसतायत.

"अगं, हसवू नकोस, टाके ओढतात," ते कसेबसे म्हणाले. "वाळू उकरली नाहीस ना?"

"नाही."

"मग ती वाळूत आहे. हिची सगळी जातच तशी. घाबरली की वाळूत शिरते आणि अंगावर पांघरूण ओढून पडून राहते. टाकी हलली की चांगली आठवडाभर रुसते. तुझी पिवळीही तिथेच असणार. दुकानातून आलीय ना, नवीन घर."

नम्रता वाळूकडे बघत राहिली. त्या गुळगुळीत वाळूखाली दोन जीव झोपलेत, आणि आपण त्यांच्या डोक्यावर बसून शोक करत होतो.

"पण काका," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला धक्का नाही बसला?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फोनवर टाकीचा पंप आणि मैत्रीचं रडणं एकाच खोलीतून येत होतं. म्हणजे टाकी वर गेली. टाकी वर गेली म्हणजे शकू वाळूत. आणि तू पाठवलेल्या फोटोत मागे माझा पडदा. तपासणी विभागात होतो मी."

"मग सांगितलं का नाही? मी इकडे अर्धी झाले."

काकांनी उशी जरा वर सरकवली. मागे कुणीतरी नर्स सलाईन बघून गेली.

"सौमित्रने सगळी सोय केलीय," ते म्हणाले. "झाडलोटीला माणूस येतो, डबा येतो, फोनवर बटण दाबलं की गोळ्या येतात. बोलायचं बटण नाही त्यात. तुला पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, तर तू रोज दोनदा फोन केला असतास का? तू सांगत होतीस फार छान. ते अपचनाचं तर मी इथल्या डॉक्टरलाही सांगितलं."

नम्रताला रागवायचं होतं. तो राग तिने बराच शोधला, पण फ्रिजखालीही सापडला नसता, इतकं तिला हलकं वाटत होतं.

दोनेक दिवसांनी सकाळी मैत्रीने तिला ओढत टाकीपाशी नेलं. वाळूतून हिरवं नाक बाहेर आलं, मग डोळा, मग सगळी शकू, अंगावरची वाळू झटकत, उशिरा उठलेल्या घरमालकिणीसारखी. तिने पिवळीला वाळूतून बाहेर येताना पाहिलं, दोनदा टाकीभर पिटाळलं, आणि मग खाऊ पडल्यावर दोघी शेजारी शेजारी जेवायला लागल्या. नम्रताने ते चित्रित करून ग्रुपवर टाकलं. ललिताकाकूंनी जोडलेले हात मागे घेतले. परांजप्यांनी लिहिलं, 'आता दोन मासे. इंजिनिअरच्या पत्रात दुरुस्ती करावी लागेल.'

काका घरी आले. टाकी मात्र वरच राहिली. परत हलवायची म्हणजे शकू परत रुसणार, हे कारण सगळ्यांना पटलं. आता काका दिवसातून दोनदा जिना चढून येतात, डॉक्टरांनीही तेवढं चालायला सांगितलंय, आणि येतील तेव्हा द्वारकाबाईंच्या चहात काहीतरी खोट काढतात. द्वारकाबाई त्यांना रोज तोच चहा देतात.

हे सगळं सांगून झालं, की नम्रता समोरच्याला एक विचारते, आणि आता तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या जिन्यात असं एखादं दार असेलच, ज्याच्या मागचा माणूस बरेच दिवस दिसलेला नाही. दूधवाला पिशवी लावून जातो, कचरा वेळेवर बाहेर येतो, म्हणून आपण गृहीत धरतो की सगळं ठीक आहे. आज एकदा जाऊन या. माशासारखं काही निमित्त नसलं तरी चालेल. बेल वाजवा आणि थांबा. त्या वयात दारापर्यंत यायला जरा वेळ लागतो.